बारावा तित्तर

एप्रिल लागला की आमच्या गल्लीत घरोघरच्या गच्चीवर मातीची परळं चढतात. पाखरांसाठी पाणी. फोनवर रोज सकाळी एक तरी फोटो येतो, परळाच्या काठावर बसलेली चिमणी आणि खाली दोन ओळींचा उपदेश. ज्यांनी उभ्या जन्मात दारात आलेल्या माणसाला तांब्याभर पाणी विचारलं नाही, तेही पाठवतात. यंदा माझी नात ओवी शाळेतून तसलंच एक परळ रंगवून घेऊन आली. निळं, काठाला पिवळी फुलं. गच्चीवर ठेवू का म्हणून मला विचारायला लागली. मी म्हटलं, तुझ्या मायला विचार. मायनं ठेव म्हटलं. मग मी काय बोलणार? सुनेला वाटतं, म्हातारीला पाखरांच्या घाणीचा कंटाळा आहे. वाटू दे.

पाणी दिसलं की पाखरू शहाणपण विसरतं. दाण्यावर येतं तेव्हा ते दहा वेळा मान वळवतं, दोन पावलं पुढं, एक मागं, जरा खुट्ट झालं की भुर्र. पाण्यावर येतं तेव्हा सरळ येतं. चोच बुडवतं, मान वर करतं, डोळा झाकतं. तेवढ्या डोळा झाकण्यात त्याचा जीव आपल्या हातात असतो. हे मला कुठल्या पुस्तकानं नाही शिकवलं. आत्याबाईनं शिकवलं. आत्याबाई म्हणजे माझी सासू.

माझं माहेर लोह्याकडचं. लग्न होऊन चाकूरच्या बाजूच्या एका खेड्यात आले, तेव्हा लातूर जिल्हा नुकता झालेला होता. आधी कागदासाठी उस्मानाबादला चकरा मारायच्या, आता लातूर जवळ आलं, आता सगळं लवकर होणार, असं जो तो बोलायचा. मी दहावी पास. आमच्या बौद्ध वस्तीत तेवढी शिकलेली सून पहिलीच, म्हणून बाया मला बघायला यायच्या. आत्याबाईला माझ्या दहावीचं काही नव्हतं. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, लोह्याहून माळेगाव किती लांब? मी म्हटलं, जवळच. तर म्हणाली, "मंग येत्या जत्रंत घोड्याच्या शेपटीचे केस आनून दे मला. घोडीचे नको. घोडीच्या शेपटीला मूत लागतं, केस कुजका निघतो."

नवी नवरी मी. माहेरून काय आणायचं, तर घोड्याचे केस! माझ्या काकांनी माळेगावच्या जत्रेत एका व्यापाऱ्याकडून मूठभर केस मागून आणले, तेव्हा घरात सगळे हसून हसून लोळले. ते केस मी दिवाळीच्या फराळासारखे फडक्यात बांधून सासरी घेऊन गेले. आत्याबाईनं एकेक केस उन्हाकडं धरून पाहिला, दोन बोटांत ओढून पाहिला, आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसली.

आत्याबाई फास लावायची. गावात पुरुष लावत नव्हते असं नाही, पण तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. केस पायाच्या अंगठ्याला अडकवायची आणि तीन केसांचा एक पीळ दोन्ही तळव्यांत वळायची. वळून झाला की राखेत घासायची, म्हणजे चमक जाते. मग सरकगाठ. सुताचा फास दवानं ओला झाला की लोळतो, केसाचा फास आपला आपण उभा राहतो, तोंड उघडं ठेवून. जमिनीपासून चार बोटं वर. तित्तर उडायच्या आधी चालतो, आणि चालताना मान पुढं काढतो. बांधाच्या कडेनं बाभळीच्या काट्या लावायच्या, मधे मधे वीतभर फटी ठेवायच्या, एकेका फटीत एकेक फास. काटा ओलांडायचा तित्तराला आळस. तो फटीतून जातो आणि छातीनं फास ओढून घेतो. पोरं दुरडीला काडीचा टेकू देऊन दोरी ओढायची, ते तिला खेळ वाटायचं. कुणी वडाचा चीक करडीच्या तेलात शिजवून फांदीला फासायचं, त्याचा मात्र तिला संताप. पाखराची पिसं सोलून निघतात म्हणायची, धरायचं तर नीट धरावं. महिन्याभरात माझी गाठ तिच्यासारखी बसायला लागली. अजून बसते. बोटांना सांगावं लागत नाही.

आणि आमचा वकील. वकील म्हणजे पिंजऱ्यातला तित्तर. हे नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं. ते मी यायच्या आधीच वारले होते, पण एकदा उदगीरच्या कोर्टात साक्षीला जाऊन आले होते आणि तिथल्या वकिलाचा आवाज ऐकून त्यांना आपला तित्तर आठवला. बांबूच्या कामट्यांचा पिंजरा, वर जुन्या लुगड्याचं फडकं. सकाळी शेतात नेऊन फडकं काढलं की वकील मान ताठ करायचा आणि सुरू. तीतीतर, तीतीतर, तीतीतर! रानातल्या तित्तराला वाटायचं, कोण हा हरामखोर माझ्या शिवारात? तो भांडायला यायचा आणि फासात पडायचा. आत्याबाई वकिलासाठी वाळवीची ढेकळं फोडायची, तिच्या ताटातली भाकर त्याला कुस्करायची. तो तिच्या हातावर चढून खायचा. मला वर्षभर चोच मारली त्यानं, मग ओळखायला लागला.

वस्तीतल्या शिकणाऱ्या पोरांना हे आवडत नव्हतं. पौर्णिमेला समाज मंदिरात पंचशील म्हणताना जीव घेणार नाही ही पहिली ओळ आली की सगळे आत्याबाईकडं बघायचे. ती ओठ मिटून बसायची. दुसरी ओळ आली की खणखणीत आवाजात सुरू. एकदा एकानं हटकलंच. तर म्हणाली, जे पाळत न्हाई ते तोंडानं कामून म्हनू? मला तिचं ते लई पटलं. अजून पटतं.

पण तिचे नेम होते, आणि ते ती पाळायची. होळी झाली की फास डब्यात. तित्तरांचे अंड्यांचे दिवस. थेट सुगीपर्यंत तो पत्र्याचा डबा उघडायचा नाही. आणि दुसरा नेम पाण्याचा. मी नवीन असताना विचारलं होतं, नदीच्या डोहावर एवढी पाखरं येतात, तिथं का लावत नाही आपण? तिनं वळता वळता पीळ थांबवला.

"दान्यावर येतंय ते लालचीनं येतंय, त्याला धरावं. पान्यावर येतंय ते मजबुरीनं येतंय. मजबुरीला फास लावायचा नसतो, सुमन."

मग तो दुष्काळ आला. एक वर्ष पावसानं हूल दिली, दुसऱ्या वर्षी आलाच नाही. बायकांना त्या दिवसांत धान्यापेक्षा भांडी जास्त आठवतात. कुठली घागर कुठं ठेवली, कुणाच्या कळशीला कुणाची कळशी लागली. गावच्या विहिरीवर आमच्या हाताला पोहरा नव्हता. घागर खाली ठेवून उभं राहायचं, वरून कुणी ओतलं तर ओतलं. विहीर भरलेली होती तोवर ओततही होते. तळ दिसायला लागला तसा त्यांना आमच्या घागरी दिसायच्या बंद झाल्या. मग आम्ही नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खांदला. कमरेइतका खड्डा, तळाला दोन ओंजळी पाणी. वाटीनं खरडून घ्यायचं, पुन्हा साचायची वाट बघायची. एका घागरीला दुपार जायची. मला पाचवा महिना होता. खड्ड्यात वाकलं की पोट गुडघ्याला लागायचं आणि डोळ्यापुढं अंधारी यायची.

नव्या जिल्ह्याकडून गावोगाव हापसे मिळणार असं कानावर आलं. मी पाटीवरचं अक्षर काढावं तसं एकेक अक्षर काढून अर्ज लिहिला. आमची वस्ती नदीकडेला आहे, वस्तीला पाण्याची सोय नाही, बायका गरोदर आहेत. वस्तीतल्या सगळ्यांचे अंगठे घेतले. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, रस्त्यावर खडी फोडायच्या कामावर होते. ते एक दिवस खाडा करून लातूरला गेले आणि अर्ज देऊन आले. शिक्क्याची पोच मी ट्रंकेत साडीखाली ठेवली. रोज काढून बघायची.

दीड महिना काही नाही. चैत्र सरत आला होता. आणि एका सकाळी गावचे मालक आमच्या वस्तीत आले. सगळं गाव त्यांना मालकच म्हणायचं. शेती त्यांची, सरपंचकी त्यांची. वस्तीत ते कधी येत नसत. लिंबाखाली उभे राहिले, बसले नाहीत. म्हणाले, रविवारी हापशाचे साहेब येणार आहेत, जागा ठरवायला. मुक्कामाला माझ्याकडं आहेत. साहेबांना तित्तराची लई आवड आहे. बारा तित्तर पाहिजेत. आत्याबाई म्हणाली, मालक, हे दिवस तित्तराचे न्हाईत, अंड्यावर हायत ते. मालक हसले.

"बाई, हापसा तुमच्या वस्तीत पाहिजे ना? मंग बघ बाबा तुझं तू."

शब्द दिला असंही नाही, नाही दिला असंही नाही. पण आम्हाला तेवढं पुरलं. बाया दिवसभर त्यावरच बोलत होत्या. हापसा लिंबाखाली घ्यायचा की समाज मंदिरापुढं, यावर दोघी तर भांडल्या.

तीन दिवस हातात. आत्याबाईनं डबा उघडला. होळीनंतर डबा उघडताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. दोन दिवस ती वकिलाला घेऊन शेताशेतानं फिरली. रानात होतं काय? भेगा आणि धसकटं. वकील ओरडून ओरडून थकला, उत्तर द्यायला कुणी नव्हतं. दोन दिवसांत एक तित्तर घावला, तोही हडकुळा.

तेव्हा मी बोलले. दुसऱ्या कुणी नाही, मीच. सकाळी झिऱ्यावर जाताना मला रोज त्या ओल्या वाळूत पावलं दिसायची, तित्तरांची, होल्यांची, लावऱ्यांची. दोन कोसांतली पाखरं तिथं येत होती, कारण दुसरीकडं पाणीच नव्हतं. मी म्हटलं, आत्याबाई, झिऱ्यावर लावू. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, माझ्या पोटाकडं बघितलं. मग बाभळीच्या काट्या तोडायला उठली.

ती सकाळ मला विसरायची आहे आणि विसरत नाही. झिऱ्याभोवती आम्ही काट्यांचं कडं केलं, वीस फटी, वीस फास. त्यातले निम्मे माझ्या हातचे. वकिलाला नेलंच नाही, त्याची गरज नव्हती. आम्ही दरडीच्या आडोशाला बसलो. उजाडलं आणि ती आली. चालत. रांगेनं. एक अडकला, फडफडला, तरी मागचा थांबला नाही. त्याच्या शेजारच्या फटीतून आत शिरायला बघत होता. पाणी दिसत होतं ना त्यांना. आत्याबाई उठून एकेक सोडवत होती आणि टोपल्याखाली घालत होती, आणि आम्ही तिथं उभ्या असताना पाखरं यायची थांबत नव्हती. शेतात असं कधी झालं नव्हतं. होले आणि लावऱ्या आम्ही सोडून दिल्या. त्या उडून दरडीवर बसल्या आणि पुन्हा खाली आल्या, पुन्हा अडकल्या. एक होला मी तीन वेळा सोडवला. तिसऱ्या वेळी त्याची मान लटकी पडली होती.

दहा तित्तर. आदल्या दिवशीचा एक धरून अकरा. मग ऊन चढलं आणि वाळू रिकामी झाली.

एक कमी. आम्ही दुपारपर्यंत बसलो. आमचे हे म्हणाले, अकरा दे, साहेब काय मोजणार आहे? आत्याबाई म्हणाली, मालक मोजंल. बारा म्हनलाय. एकापायी वस्तीचा हापसा जाया नको. मग घरात गेली आणि पिंजरा घेऊन बाहेर आली. फडकं तसंच वर होतं. फडक्याआडून वकील बोलत होता, त्याला वाटलं शेतात निघालो. मी आडवी झाले, तिचा हात धरला. तिनं माझा हात बाजूला केला, रागानं नाही.

पाखरं साफ करायलाही तिलाच बोलावलं, मालकाच्या गोठ्यामागं. मी सोबत गेले. चार माद्या निघाल्या. अंड्यावर बसून बसून त्यांच्या पोटावरची पिसं झडलेली, कातडी उघडी. एकीच्या पोटात कवच धरलेलं अंडं होतं. आत्याबाईनं ते बाजूला ठेवलं, कशासाठी कुणास ठाऊक, आणि निघताना तिथंच विसरली. वकिलाला तिनं सगळ्यात शेवटी घेतलं. मी मान फिरवली. तो तिच्या हातावर चढायला बघत होता, एवढं मला दिसलं.

सोमवारी सकाळी साहेब जीपमधून जाताना वस्तीच्या कडेला थांबले. नदीकडं बघून म्हणाले, काय हो, या भागात पाखराचा आवाजसुद्धा नाही, दुष्काळानं गेली वाटतं सगळी. मालकानं हो म्हटलं. तित्तर धरायला सरकारची बंदी आहे हे मला लई वर्षांनी कळलं. साहेबांना तेव्हाच ठाऊक असणार.

आठ दिवसांनी बोअरची गाडी आली. वस्तीतली लहानथोर माणसं कामं टाकून रस्त्यावर उभी होती. गाडी आमच्याकडं वळली नाही. सरळ गावात गेली आणि मालकाच्या गोठ्याजवळ थांबली. दिवसभर धाडधाड आवाज येत होता. संध्याकाळी पाणी लागलं म्हणून गुलाल उडाला. पाणी तिथंच दाखवलं म्हणे यंत्रानं. हापशाचा दांडा आमच्या हातानं हाणायचा नाही, हे कुणी बोलून दाखवलं नाही. आपलं आपल्याला कळतं. आम्ही पुन्हा झिऱ्यावर. फक्त आता सकाळी तिथं पावलं नसायची.

त्या पौर्णिमेला आत्याबाई समाज मंदिरात आली नाही. फास तिनं चुलीत घातले. घोड्याचा केस जळताना लई घाण वास येतो, तो दोन दिवस घरात होता. पुढच्या वर्षापासून ती पंचशीलाची पहिली ओळ म्हणायला लागली. पोरांना वाटलं, म्हातारी सुधारली.

पण तिच्या मनानं एक धरलं होतं. आधी ती नुसती पुटपुटायची. मग मोठ्यानं बोलायला लागली, भाकरी थापताना, लेकराला न्हाऊ घालताना. बारावा चिवट लागला आसंल. सात वर्सांचा तित्तर, त्याचं मटन का शिजतंय? साहेबाच्या पानात त्योच गेला आसंल. साहेब नाराज झाला, न्हाईतर हापसा आपलाच होता. मी सुरुवातीला समजावलं. मग सोडून दिलं. माणूस कशाला तरी धरून राहतो.

पुढं आमच्या ह्यांना लातूरला जिल्ह्याच्याच एका ऑफिसात शिपायाची नोकरी लागली. आम्ही खोली करून राहिलो, नंतर हे घर झालं. एकदा ऑफिसातली जुनी दप्तरं माळ्यावर टाकायचं काम निघालं, आणि ह्यांच्या हाताला हापशांचं बाड लागलं. त्यात माझा अर्ज होता. माझं अक्षर, वस्तीचे अंगठे. त्याच्यावर मंजुरी. आमच्या वस्तीच्या नावानं, टाइप केलेली. मंजुरीचं पत्र गावात गेल्याची नोंद होती, मालक आमच्या लिंबाखाली येऊन उभे राहिले त्याच्या पंधरा दिवस आधीची. म्हणजे हापसा आमचा झालेलाच होता. पुढच्या कागदावर आमच्या वस्तीच्या नावावर शाईची रेघ मारलेली, वर गावातली जागा लिहिलेली, खाली सही. तारीख त्या सोमवारची.

हे घरी आले आणि जेवले नाहीत. मला सांगितलं तेव्हा आधी मला कळेचना. मग कळलं. ते जेवण हापसा मिळवायचं नव्हतंच. आमचा हापसा हलवायचं जेवण होतं ते, आणि तित्तर आम्ही पुरवले होते. वीस फासांतले निम्मे माझ्या हातचे. मी ह्यांना म्हटलं, आत्याबाईच्या कानावर जाता कामा नये. ह्यांनी पाळलं. मालक मेले, त्यांच्या नावाची कमान झाली गावात. हापसा कधीचाच आटला, दांडा कुणी तरी काढून नेला.

ओवीचं निळं परळ गच्चीवर आहे. आज एक होला आला होता. मी दाराआड उभी होते. तो काठावर बसला, चोच बुडवली, मान वर केली, डोळा झाकला. माझ्या पदराचा एक दोरा सुटला होता, खाली बघितलं तर त्याची सरकगाठ झालेली. मी दोरा तोडून टाकला आणि खाली आले.

आत्याबाई शेवटी आमच्याकडंच होती, याच घरात. तिचं जेवण सुटलं होतं, पण डोकं शाबूत. एका दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते, तेव्हा तिनं माझा हात धरला. इतक्या वर्षांत हे तिनं मला कधी विचारलं नव्हतं, नुसतं म्हणायची.

"सुमन, तू शिकलेली हायस. खरं सांग. बारावा चिवट होता, म्हनूनच गेला ना हापसा?"

कागदाचं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. एवढी सरळ बाई, जे पाळत नाही ते न म्हणणारी. तिला खरं ऐकायचा हक्क होता. पण खरं सांगितलं असतं तर त्या सकाळची सगळी पाखरं तिच्या पदरात पडली असती, आणि तिचा मोडलेला नेम. आता निदान एकाच तित्तराची चूक होती.

"हाव," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. 

"म्हातारा झालता त्यो," म्हणाली. "मला कळाया पाहिजे होतं."